तातेरावांनी आणलेली बेस गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, पण तुम्ही चित्रात बघता तसली नव्हे. त्या गिटारीला सहा तारा असतात, पोटाला गोल भोक असतं आणि कुणीही मांडीवर घेऊन छेडली की ती लाडात येऊन गाऊ लागते. मला चारच तारा, त्याही चांगल्या जाडजूड. पोट भरीव. स्पीकरच्या बॉक्सला वायर जोडल्याशिवाय माझा आवाज हातभरसुद्धा जात नाही. मला बेस गिटार म्हणतात. बेस म्हणजे खर्ज. गाण्याच्या तळाशी बसून धुम्म धुम्म करायचं, वर गाणाऱ्याला आधार द्यायचा, आणि कुणी वाहवा केली नाही तरी रुसायचं नाही, एवढंच माझं काम.

सध्या माझा मुक्काम बदनापूरला, एका पत्र्याच्या घरात, खिळ्यावर आहे. तिथूनच ही हकीकत सांगते. हसू येईल तिथे खुशाल हसा. पुढे पुढे हसायला फारसं मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागून मला बोल लावू नका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. लाकडाचा भुसा, चिकट रंगाचा वास आणि माझी मान घासणारे दोन खरबरीत हात, एवढंच आठवतं. पुढे संभाजीनगरच्या एका ऑर्केस्ट्रात अंगद नावाच्या वादकाने मला अकरा वर्षं वाजवलं. लग्नं, साखरपुडे, गणपती, नेत्यांचे वाढदिवस, काही म्हणजे काही सोडलं नाही. अंगदची बोटं फार गुणी होती. लोक गाणाऱ्या बाईंवर टाळ्या उधळायचे, पण कार्यक्रम संपल्यावर ढोलकीवाला हळूच म्हणायचा, "अंगद, आज तू होतास म्हणून निभावलं." त्यातला निम्मा मान माझा, असं मी धरून चालायचे.

मग ऑर्केस्ट्रात एक कीबोर्ड आला. त्याच्या एकाच बटणात ढोलकी, बासरी आणि मी, सगळेच कोंबलेले. अंगद दोन महिने नुसता खुर्चीवर बसून राहिला आणि तिसऱ्या महिन्यात मला जालन्यात राधेश्यामशेठच्या वाद्यांच्या दुकानात विकून गेला. जाताना त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. मी रागावले नाही. मागे पाहिलं असतं तर त्याला परत यावं लागलं असतं.

दुकानात मी तीन वर्षं टांगलेली होते. माझ्या शेजारी एक लालभडक नवीन बेस गिटार होती. दिसायला नवरीसारखी, पण मान वाकडी. गिऱ्हाईक आलं की तिच्याकडे बघायचं, माझ्याकडे बघायचं आणि ढोलकी घेऊन जायचं. जालन्यात बेस गिटार घ्यायला येतं कोण, सांगा बरं?

आणि एका बुधवारी दुपारी तातेराव आले.

तातेराव म्हणजे पन्नाशी उलटलेला, हडकुळा, स्वच्छ पांढऱ्या शर्टातला माणूस. रोज बदनापूरहून गाडीने जालन्याला येऊन एका सळयांच्या कारखान्यात काम करणारा. तिथे लालभडक तापलेलं लोखंड रुळांतून ओढून सळया करतात. चोवीस वर्षं तातेराव त्या खडखडाटात उभे होते. कानात कापसाचे बोळे घालायचे, पण कापूस तो कापूस. आता त्यांना कमी ऐकू यायचं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून ते समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलायचे.

"शेठ, पोरीसाठी गिटार पायजे," ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की वरच्या तबल्यांवरची धूळ हलली असेल.

"कोणती देऊ मामा?"

"बेस द्या. एकदम बेस!"

आता तुम्हाला माहीत आहे ना, आपल्याकडे बेस म्हणजे काय ते? बेस म्हणजे छान, झकास. भाजी बेस झाली, पाऊस बेस पडला, पोराला स्थळ बेस मिळालं. तातेरावांना पोरीसाठी एक चांगली गिटार हवी होती, बस्स. पण राधेश्यामशेठचा जन्म वाद्यांत गेलेला. त्यांना बेस म्हणजे मीच.

शेठ चकित झाले. "पोरगी बेस वाजवती?"

"लई बेस वाजवती!" तातेरावांची छाती फुगली. "मैत्रिणीच्या गिटारीवर शिकली. आमच्या गायन पार्टीत गाती बी."

"आजकाल बेस कोणी वाजवत न्हाई मामा. दुसरी दाखवू का?"

"न्हाई न्हाई. बेस असंल तरच घेतो. हलकीसलकी बिलकुल नको."

शेठनी खांदे उडवले आणि आम्हा दोघींना खाली काढलं. माणूस खेड्यावरचा दिसतो, चुकून नेईल, असं त्या भल्या माणसाच्या मनात आलं असावं. म्हणून त्यांनी माझ्या तारांकडे बोट दाखवून चार बोटं वर केली. "मामा, हिला चारच असतात बघा. चार!"

"चार लई झाले शेठ. साडेतीन करा."

"साडेतीन कसे करू मामा?"

"करा हो, गरिबाकडं बघून. तुमाला काय अवघड हाय?"

राधेश्यामशेठ तोंडाकडे बघतच राहिले. माणूस मोठा विनोदी दिसतो असं त्यांना वाटलं आणि ते गदागदा हसले. ते हसले म्हणून तातेरावही हसले. भाव उतरला असं त्यांना वाटलं.

पण मित्रांनो, पारख कशी करावी ते त्या माणसाकडून शिकावं. त्यांनी आधी लाल गिटार उचलली, तिचं बूड डोळ्याला लावलं आणि एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. कारखान्यात सळई सरळ आहे का ते असंच बघतात. "हिला बाक हाय," ते म्हणाले आणि तिला खाली ठेवलं. रंगाकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग मला उचललं. मानेवरून नजर फिरवली. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवरून नख ओढून कुठे अडतं का ते पाहिलं. चारही खुंट्या एकेक करून पिळल्या, ढिल्या तर नाहीत ना ते चाचपलं. तळहातावर तोलून बघितलं. "जुनी हाय, पण सरळ हाय. हीच द्या."

अंगदने मला पहिल्यांदा घेतलं तेव्हा त्यानेही नेमकं हेच केलं होतं. थोड्या पैशांत बेस गिटार घ्यायची असेल तर रंग न बघता मान बघावी, असं जाणकार सांगतात. तातेरावांनी दुकानातली सगळ्यात चांगली बेस गिटार निवडली होती. फक्त त्यांना बेस गिटार नको होती, एवढीच काय ती गोम.

शेवटी साडेतीन हजारांतच सौदा पटला. तेवढेच त्यांच्याजवळ होते. शेठनी पावतीवर लिहून दिलं की आठ दिवसांत परत आणली तर बदलून मिळेल. ती पावती तातेरावांनी खिशात घातली आणि मला छातीशी धरून ते स्टेशनाकडे निघाले. गाडीत एकाने विचारलं, "काय नेऊन राह्यले तातेराव?" तर म्हणाले, "पोरीला गिटार. लई बेस मिळाली." मी कव्हरात बसून ऐकत होते. मला हसावं की रडावं तेच कळेना.

घरी आल्यावर पहिला वाद झाला तो मालनबाईंशी, म्हणजे त्यांच्या पत्नीशी. कारण ते पैसे कानाच्या मशीनचे होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कान दिवसेंदिवस उतरत चाललेत, लवकर मशीन लावा. मालनबाईंनी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून वेचून ते पैसे साठवले होते.

"अवं, तुमाला काई अक्कल?" त्या कडाडल्या. इतक्या मोठ्याने, की ते तातेरावांनाही ऐकू गेलं. "कान चालले अन् हे गिटार आणून राह्यले!"

तातेराव शांतपणे म्हणाले, "मालन, मशीन लावून ऐकायचं काय? कारखान्याचा खडखडाट? आधी ऐकण्याजोगं कायतरी घरात यिऊ दे. मशीन दिवाळीच्या बोनसमधून घिऊ."

मालनबाई चुलीकडे तोंड करून बसल्या.

त्यांची मुलगी रूपाली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. मामाच्या गायन पार्टीत गायची. आकांक्षा नावाच्या मैत्रिणीच्या गिटारीवर सहा तारांचे चार सूर शिकली होती. तिच्या मनात एकच गोष्ट होती. ती लहान असताना तातेराव कामावरून स्टेशनावर उतरून सायकलीने घरी येताना एक चाल गुणगुणायचे. शब्द नव्हते तिला, नुसती चाल. गल्लीच्या तोंडाशी ती चाल ऐकू आली की रूपाली दाराशी पळायची. कान उतरू लागले तसं ते गुणगुणणं बेसूर झालं, आणि एक दिवस बंदच पडलं. बापाचे कान पुरते मिटायच्या आत ती चाल त्याला एकदा वाजवून ऐकवायची, असं रूपालीने ठरवलं होतं. "एक गिटार असती तर," ती एवढंच घरात बोलली होती. तेवढं नेमकं तातेरावांच्या कानावर पडलं होतं.

संध्याकाळी तिने माझ्या कव्हराची चेन उघडली. माझी मान बाहेर आली, चार खुंट्या बाहेर आल्या, आणि तिचा हात तिथेच थांबला. तिला कळलं. पोरीने एकवार माझ्याकडे पाहिलं आणि एकवार बापाकडे. तातेराव समोर उकिडवे बसून तिच्या ओठांवर डोळे लावून होते.

"कशी हाय?"

मला वाटलं, आता सांगेल. सांगायलाच हवं होतं तिने. मी कव्हरातून ओरडून सांगितलं असतं, पण मला बॉक्स नव्हता.

"बेस हाय, पप्पा," रूपाली म्हणाली.

ती खरं बोलली, आणि खोटंही बोलली. तातेराव एवढे खूश झाले की चहा घ्यायचाच विसरले.

मालनबाईंना मात्र पोरीचा चेहरा कळला. भांडी घासताना त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि खरं काढून घेतलं. "मंग जल्दी जाय अन् बदलून आण. त्यांना कुठं कळतंय सहा तारा का चार."

"कळंल आई. त्यांनी ही हातानं निवडली. कशी बघितली, कशी तोलली, ते सगळ्या गल्लीला सांगून राह्यले."

"अगं पण तुला वाजवता येती का ही?"

"न्हाई."

सहा दिवस असेच गेले. सातव्या दिवशी रूपालीने मला कव्हरात घातलं आणि बापाला दवाखान्यात दाखवायचं आहे म्हणून जालन्याला निघाली. आधी दवाखाना, मग बापाला कारखान्यात सोडायचं, मग दुकान, असा तिचा बेत होता. दवाखान्यात मी तिच्या पाठीवर होते, त्यामुळे सगळं ऐकलं. डॉक्टरांनी तातेरावांचे कान तपासले, कागदावर एक उताराची रेघ काढली आणि म्हणाले, "बारीक आवाज आधी जातात. पाखरं, घंटी, बाईमाणसाचा आवाज. जाड आवाज थोडे दिवस टिकतात."

"जाड म्हणजे?" रूपालीने विचारलं.

"ढोल, ट्रकचं इंजिन, खालचे सूर. असे."

ती दुकानापर्यंत गेली. पायरीवर उभी राहिली. राधेश्यामशेठ आतून म्हणाले, "या ना ताई, काय बदलायचं हाय का?" रूपालीने पाठीवरचा पट्टा घट्ट केला आणि म्हणाली, "न्हाई शेठ. तारांचा एक जोड द्या फक्त."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगू? तीन वर्षं मी धूळ खाल्ली होती. कीबोर्डच्या एका बटणाने मला हाकललं होतं. आणि आज कळत होतं की या पोरीच्या बापाला ऐकू येईल असं वाद्य साऱ्या दुकानात असलं तर मीच होते. चुकून का होईना, त्या माणसाने बरोबर निवड केली होती. मी फार हुरळले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, म्हणतात ना, तशी गत.

रूपाली मोबाइलवर बघून बघून शिकली. माझ्या जाड तारांनी तिच्या बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. घरात बॉक्स नव्हता, म्हणून ती माझं डोकं लोखंडी पेटीला टेकवून वाजवायची. पेटी घुमायची, तेवढाच आवाज मोठा व्हायचा. दीड महिन्यात ती सायकलवरची चाल माझ्या खालच्या तारांवर बसली.

एका रविवारी सकाळी तातेराव पेटीजवळ आले आणि त्यांनी आपलं कपाळ माझ्या लाकडाला टेकवलं. रूपालीने चाल सुरू केली. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. आणि एकदम ते ओरडले, "आलं! मालन, आलं! माझीच चाल हाय ही!" त्यांनी एक ओळ सोबत गुणगुणली, अगदी सुरात. मालनबाई पिठाचे हात तसेच धरून दारात उभ्या होत्या आणि पदराने डोळे पुसायलाही त्यांना हात मोकळा नव्हता. त्या दिवशी तातेरावांना खरंच ऐकू आलं, असं मी आजही धरून चालते. मला दुसरं काही धरायला नाही.

त्यानंतर तसं पुन्हा झालं नाही. फेब्रुवारीत कारखान्यात काम वाढलं. माणसं कमी आणि पाळ्या जास्त. आठ तासांचे बारा तास झाले. कानाला लावायचे रबरी बोळे मागितले तर "पुढच्या महिन्यात" म्हणाले, आणि तातेरावांनीही पुन्हा मागितले नाहीत. बोळे घातले तर मागून ओरडणारा गडी ऐकू येत नाही आणि तापल्या सळईने पाय जायचा, असं त्यांचं म्हणणं. कान तर रोज थोडा थोडा जातो. त्याची भीती कुणाला?

रविवारी ते माझ्याजवळ यायचे. कपाळ टेकवायचे. रूपाली वाजवायची आणि विचारायची, "आलं का पप्पा?"

"आलं की. बेस वाजतंय."

पण आता ते सोबत गुणगुणत नव्हते. मला शंका आली होती. रूपालीलाही आली असावी, पण तिने ती मनात येऊ दिली नाही. आम्ही दोघी बॉक्सची वाट बघत होतो.

कारण रूपालीच्या मामाने, भारतमामाने, शब्द दिला होता. गायन पार्टी त्याचीच, बॉक्सही त्याचाच, माणसाच्या छातीएवढा उंच. "चौदा एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम तुझ्या वाजवण्यानं सुरू करू," तो म्हणाला. "हा बॉक्स लावला की बहिऱ्याला बी ऐकू..." आणि त्याने जीभ चावली.

"बोल की मामा, पुरं कर," रूपाली म्हणाली. "तेच तर पायजे."

चौदा एप्रिलला दुपारी चारलाच वस्तीतल्या विहाराचा हॉल भरला. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पोरांचा कलकलाट. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत दोन पंखे गरगरत होते. अंगदनंतर पहिल्यांदा माझ्यात वायर खुपसली गेली. बॉक्सवरचा लाल दिवा लागला. रूपालीने खालची तार छेडली आणि अख्ख्या हॉलची जमीन थरारली. मला माझा आवाज आठवला. अहाहा! काय सांगू तुम्हाला!

तातेराव पहिल्या रांगेत, बॉक्ससमोर, सतरंजीवर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर हात. रूपालीने माइकवर फक्त एवढंच सांगितलं, "ही चाल माझ्या पप्पांची हाय." भारतमामाने ढोलकीवर थाप दिली आणि आम्ही सुरू झालो. तातेरावांनी डोळे मिटले. मांडीवर त्यांचं बोट ठेका धरू लागलं. मान हलू लागली. रूपालीचे डोळे त्यांच्यावरून हटत नव्हते. ऐकतायत, ऐकतायत, असं तिच्या बोटांतून माझ्यापर्यंत येत होतं.

दुसऱ्या ओळीच्या मध्यावर वीज गेली.

पंखे मंदावले. बॉक्सवरचा लाल दिवा विझला. माझा आवाज जागच्या जागी मेला. उरली ती तारांची बारीक टणटण, पहिल्या रांगेलाही जेमतेम ऐकू येईल एवढी. भारतमामाचा हात ढोलकीवर थांबला. "आरं लाइट गेली," मागून कुणीतरी बोललं आणि मग सगळा हॉल गप्प झाला. कारण सगळ्यांचं लक्ष एकाच ठिकाणी गेलं.

तातेरावांचं बोट ठेका धरूनच होतं. मान हलतच होती. मिटल्या डोळ्यांनी, त्या चिडीचूप हॉलमध्ये, ते मोठ्याने म्हणाले, "बेस! बेस वाजवलं बाई!"

मालनबाईंनी तोंडाला पदर लावला. एक पोरगं फिदीकन हसलं आणि त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी रूपालीच्या हातात होते. तिची बोटं तारांवर थांबली होती. मला वाटलं, आता ही मला खाली ठेवणार.

तिने ठेवलं नाही. तिने मान हलवून मामाला खुणावलं आणि तिची बोटं पुन्हा चालू लागली. भारतमामाने ढोलकीवर हात धरला, पण पोरीची टणटण बुडू नये म्हणून थाप मात्र हवेतच. आवाज नसलेलं गाणं आम्ही दोघींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं, का तर बापाने डोळे उघडले तर पोरगी वाजवताना दिसावी.

त्यांनी उघडले. रूपाली वाजवत होती आणि हसत होती. तेही हसले. मग त्यांच्या कपाळावर घाम आला म्हणून त्यांनी सवयीने वर पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. त्यांची नजर पंख्यावरून बॉक्सवर आली, विझलेल्या दिव्यावर थांबली. चोवीस वर्षं यंत्रांत काढलेला माणूस. दिवा विझला म्हणजे काय, ते त्याला कुणी सांगायला नको. त्यांनी पोरीच्या चालत्या बोटांकडे पाहिलं, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. बोट मांडीवर पुन्हा ठेका धरू लागलं.

वीज अर्ध्या तासाने आली. कार्यक्रम झाला, पोटभर जेवणं झाली. आमच्याकडून पुन्हा वाजवून घ्यायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

जूनमध्ये मालनबाईंनी पुन्हा पैसे जमवून तातेरावांना मशीन घ्यायला नेलं, दिवाळीची वाट न बघता. डॉक्टरांनी कान तपासले आणि म्हणाले, आता साध्या मशीनचा काही उपयोग नाही. येताना मालनबाई गाडीत एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलून तरी कुणाला ऐकू जाणार होतं?

मी तेव्हापासून खिळ्यावर आहे. माझ्या तारा गंजल्या आहेत, एक खुंटी सैल झाली आहे. पण मान अजून सरळ आहे. तातेराव अधूनमधून फडक्याने मला पुसतात आणि एक डोळा मिटून बघतात. "बाक न्हाई," म्हणतात आणि परत टांगतात.

मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे, पण ती माझ्यासाठी नाही. मी लाकूड आहे. मला तार बदलली की झालं. कानाला तार बदलता येत नाही. वरातीत त्या थोरल्या बॉक्सपुढे उभं राहून नाचता ना, जरा लांब उभे राहा. मी स्वतः त्याच आवाजाच्या जातीची, तरी मीच सांगते. तुमच्या घरात कुणी खडखडाटात काम करत असेल तर त्याच्या कानातल्या कापसावर विसंबू नका, त्याला नीट बोळे आणून द्या आणि घालतो का ते बघा. आणि घरात कुणी "ऐकू येतंय, ऐकू येतंय" म्हणत असेल, तर एकदा पाठ फिरवून हळू हाक मारून बघा. आमच्या घरात ती हाक कुणी मारली नाही. सगळे एकमेकांना जपत बसले.

अजूनही रविवारी रूपाली मला खिळ्यावरून काढते. बॉक्स नाही, वायर नाही, पेटीलाही आता टेकवत नाही. तातेराव समोर बसून डोळे मिटतात. दोघांनाही सगळं ठाऊक आहे आणि दोघंही एकमेकांना काही सांगत नाहीत. ती चाल वाजवते आणि ते शेवटी म्हणतात, "बेस." अंदाजाने म्हणतात. कधी गाणं संपायच्या जरा आधी, कधी जरा उशिरा.

मागच्या रविवारी ती अजून खुंट्याच पिळत होती. एक तारही छेडली नव्हती. तातेरावांनी मिटल्या डोळ्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बेस वाजवलं बाई."

रूपालीने सैल खुंटी घट्ट केली आणि चाल पहिल्यापासून वाजवायला घेतली.